सीझनपुरती यादी

शुक्रवार, डिसेंबर १९६३, संध्याकाळचे पावणेपाच. अकोल्याच्या आमच्या मुलींच्या हायस्कूलचं ऑफिस. हजर: मोठ्या बाई, म्हणजे हेडमिस्ट्रेस; सायन्सचे वैद्य सर, शाळेतले एकमेव पुरुष शिक्षक; इतिहासाच्या तायडे बाई; आणि मी, सुपरवायझर. गैरहजर: तक्रार करणारे वकीलसाहेब. पण त्यांचं पत्र हजर होतं आणि ते टेबलाच्या मधोमध ठेवलेलं होतं.

मोठ्या बाईंनी ते वाचून दाखवलं.

"आपल्या शाळेत इतिहासाच्या तासाला झाडूची चौकशी चालते, असे माझी कन्या सांगते. तीन दिवसांपासून ती जेवताना मला 'बाबा, आपण मळेवाले आहोत का?' असे विचारते. इतिहासाच्या तासाला इतिहास शिकवावा, ही विनंती. सदर शिक्षिकेस कायम करताना कमिटीने याचा विचार करावा."

तायडे बाईंचं दोन वर्षांचं प्रोबेशन त्या महिन्यात संपत होतं. प्रोबेशन म्हणजे उमेदवारी. ती संपली की कमिटी एक तर शिक्षकाला कायम करते, नाही तर घरी पाठवते. सोमवारी कमिटीची मीटिंग होती. तिच्या अजेंड्यावर चौथा विषय मीच माझ्या हाताने लिहिला होता: 'कु. तायडे यांना कायम करणे.' तायडे बाई बार्शीटाकळीच्या. घरातल्या पहिल्या पदवीधर. धाकटा भाऊ त्यांच्याच खोलीवर राहून कॉलेजात शिकत होता. सोमवारी 'नाही' ठरलं असतं तर दोघांनाही गाव गाठावं लागलं असतं.

"तायडे बाई," मोठ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही झाडूबद्दल नेमकं काय शिकवलंत?"

"झाडूबद्दल काही नाही. अमेरिकेबद्दल शिकवलं."

"मग अमेरिकेत झाडू कुठून आला?"

"तो वर्गात होता. नववी ब. मागच्या कोपऱ्यात."

मोठ्या बाई पुण्याच्या. वऱ्हाडात त्यांना बारा वर्षं झाली होती, पण इथली माणसं सरळ उत्तर देतात की उलट, हे त्यांना अजून ओळखता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सरळ उत्तर आहे."

तायडे बाईंनी काय शिकवलं ते मी नंतर त्यांच्याकडून नीट समजून घेतलं, कारण रिपोर्ट मलाच लिहायचा होता. थोडक्यात असं. इंग्रजांनी अमेरिकेत आणि जवळच्या बेटांवर वसाहती केल्या. तंबाखू लावली, नंतर ऊस लावला. मळ्यांना माणसं हवी होती. सुरवातीला इंग्लंड-आयर्लंडचे गरीब लोक करारावर आणले. इतकी वर्षं राबायचं, मग मोकळं. आफ्रिकेतूनही माणसं धरून आणली. काही ठिकाणी दोघंही एकाच शेतात राबत, एकाच मालकाच्या शिव्या खात आणि कधी कधी बरोबर पळूनही जात. पुढे करारवाले कमी येऊ लागले. जे येत त्यांना कायदा होता, कोर्ट होतं, भाषा येत होती, तक्रार करायला जागा होती. आफ्रिकेतून आणलेल्यांना यातलं काहीच नव्हतं. मग एकेक कायदा होत गेला. त्यांचं राबणं जन्मभराचं झालं, मुलाबाळांचंही झालं. आणि हे पक्कं होत असताना कारणं जमू लागली. यांना ऊन सोसतं. यांना बुद्धी कमी. देवानंच यांना यासाठी घडवलं.

यावर तायडे बाईंनी फळ्यावर प्रश्न लिहिला होता: 'तिरस्कार आधी, की गुलामी आधी?' आणि खाली लिहिलं होतं: 'इतिहासकारांत एकमत नाही. दोन्ही बाजू लिहा. दहा मार्क.'

एवढं झाल्यावर नववी ब मधली कुसुम उठली. कुसुम आमच्या हॉस्टेलची मुलगी. तिनं विचारलं, "बाई, मंग आपल्या शाळेत हॉस्टेलच्याच पोरी कावून झाडतात? कारन आधी होतं का झाडनं आधी होतं?"

"तुम्ही काय उत्तर दिलंत?" वैद्य सरांनी विचारलं.

"मला माहीत नाही म्हटलं. दोन वर्षं झाली मला इथे. मी आले तेव्हा त्या झाडतच होत्या. म्हणून मुलींना सांगितलं, विचारून या. सगळ्यांना एकच प्रश्न: या मुली का झाडतात, आणि हे कारण तुम्ही पहिल्यांदा कधी ऐकलं?"

पंचेचाळीस मुली ऑफिसपासून पाण्याच्या टाकीपर्यंत वही घेऊन हिंडल्या होत्या. मी त्यांना दोनदा हाकललं होतं. त्या कशासाठी हिंडताहेत हे मी विचारलं नव्हतं.

"त्यात विचारायचं काय आहे?" वैद्य सर म्हणाले. "सरळ शास्त्र आहे. शहरातल्या मुलींची फुप्फुसं नाजूक. त्यांना धूळ सोसत नाही. खेड्यातल्या मुलींना सवय असते."

"शिवाय शिस्त लागते," मोठ्या बाई म्हणाल्या.

दारात आमची शिपाई सखूबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "हात बसला हाय त्या पोरीयचा. बाकीच्यायले झाडू धरता येत नाही. नुसता फिरवतात."

म्हणजे एका खोलीत तीन कारणं जमली. तायडे बाईंनी वही काढून तिन्ही लिहून घेतली आणि प्रत्येकाला विचारलं, "हे तुम्ही पहिल्यांदा कधी ऐकलं?" मोठ्या बाईंना ते आवडलं नाही. त्यांनी मला सांगितलं, "राजूरकर बाई, सोमवारच्या आत रिपोर्ट करा. सफाईची पाळी कुणी लावली, कधी लावली, कारण काय. कमिटीपुढे तुम्हीच ठेवा."

पाळी लावणं हे सुपरवायझरचंच काम. कोणता तास कुणाचा, घंटा कुणी द्यायची, परीक्षेला कोण कुठं उभं राहायचं, सगळ्या याद्या माझ्या. एक शिपाई आणि चौदा खोल्या, म्हणून वर्ग मुलीच झाडत. म्हणजे ज्याची चौकशी करायची ते माझंच कपाट होतं. मला याची काही भीती वाटली नाही. माझ्या याद्या चोख असतात, अशी माझी समजूत होती.

शनिवारी अर्धी शाळा. दुपारी मी कपाट उघडलं. सफाईच्या आठ वह्या होत्या, वर्षाला एक, निळ्या कव्हरच्या. पहिल्या वहीत पाळी अगदी सरळ होती. सगळे वर्ग, सगळ्या मुली, हजेरीच्या क्रमाने, शाळा सुटल्यावर. मला बरं वाटलं. मी दुसरी वही उघडली. १९५७.

त्या वर्षी काय झालं ते पान पाहिल्याबरोबर आठवलं. आमच्या शाळेच्या भिंतीला लागून जिनिंग फॅक्टरी आहे. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणं. सीझन सुरू झाला की रुईचे बारीक तंतू हवेत उडतात. त्या वर्षी नवी यंत्रं आली आणि रातोरात आमच्या बाकांवर पांढरा थर बसू लागला. संध्याकाळी झाडलेले वर्ग सकाळी पिंजाऱ्याच्या दुकानासारखे. वैद्य सरांना पहिल्या तासाला सलग अकरा शिंका आल्याची नोंदसुद्धा माझ्या वहीत आहे. मग झाडणं सकाळी दहाला नेणं भाग होतं. दहाला आवारात कोण असतं? हॉस्टेलच्या मुली. त्या तिथंच राहतात. मी शिसपेन्सिलनं लिहिलं: 'हॉस्टेल. सीझनपुरतं.'

सीझन फेब्रुवारीत संपला. पेन्सिल खोडली गेली नाही. जूनमध्ये मी नवी वही घातली आणि जुनीवरून यादी उतरवली. या वेळी शाईनं. 'सीझनपुरतं' हा शब्द उतरवायचा राहिला.

इथपर्यंत मला वाटलं, चूक आहे पण छोटी आहे. हॉस्टेलमध्ये तेव्हा वीस मुली होत्या. तेल्हारा, दर्यापूर, बार्शीटाकळी, सगळीकडच्या. निम्म्या कुणब्या-माळ्यांच्या, निम्म्या बौद्ध घरांतल्या. पाळी सगळ्यांना होती. मग १९६३ च्या यादीत आठच नावं का, आणि आठही बौद्ध घरांतलीच का?

उत्तर वहीला टाचलेल्या चिठ्ठ्यांत होतं. मी पालकांची एकही चिठ्ठी टाकत नाही. त्या मी तारखेप्रमाणे लावल्या.

'माझ्या मुलीचा गुडघा दुखतो, तरी सफाईतून सूट द्यावी.' मान्य.

'सकाळी पूजा असते.' मान्य.

'आमच्या घरी तिला केर काढायची सवय नाही.' मान्य.

'मामा येणार आहेत.' मान्य. मामा किती दिवस राहणार हे मी विचारलं नव्हतं. यादीवरून दिसत होतं की मामा पाच वर्षं गेलेलेच नाहीत.

एकेक चिठ्ठी येत गेली, एकेक नाव कमी होत गेलं. नवी मुलगी हॉस्टेलवर आली की वडील सूटकेससोबत चिठ्ठीही आणत. ज्यांच्या घरून चिठ्ठी आली नाही त्या आठजणी उरल्या होत्या. कुणी तसं ठरवलं नव्हतं. मी प्रत्येक वेळी फक्त 'मान्य' लिहिलं होतं.

आणि कारणं? मुलींनी जमवलेली उत्तरं तायडे बाईंनी मला दिली होती. वैद्य सरांचा फुप्फुसाचा सिद्धांत त्यांनी पहिल्यांदा १९६० च्या स्नेहसंमेलनात सांगितला होता. शिस्तीचं कारण इन्स्पेक्शनला अमरावतीहून बाई आल्या तेव्हा निघालं, १९६१ मध्ये. त्यांनी विचारलं म्हणून. 'हात बसला आहे' हे सगळ्यांत नवं. एक कारण मात्र मला वाचवेना. दोन पालकांनी सांगितलं होतं, 'त्यांच्याकडे पिढ्यानपिढ्या हेच काम असेल.' ज्या घरांनी ५६ साली बौद्ध होताना असली कामं अंगावरून झटकून टाकली होती, त्यांच्या मुलींबद्दल हे बोललं जात होतं. तेही माझ्या यादीवरून.

सगळी कारणं पेन्सिलीनंतरची होती.

चार वाजता तायडे बाई आल्या. मी त्यांना वह्या दाखवल्या. लपवायचं म्हटलं तरी आठही वह्या टेबलावर उघड्या पडल्या होत्या. त्या उभ्या उभ्याच वाचत राहिल्या. मामांच्या चिठ्ठीला हसल्या.

"म्हणजे कुणी ठरवलंच नाही," त्या म्हणाल्या.

"नाही. तुमच्या मळ्यांसारखंच. आधी गरज, मग कारण. दहा मार्क."

"दहा नाही. पाच." त्यांनी १९५९ ची वही माझ्यापुढे सरकवली. "हे बघा. एकाच दिवशीच्या दोन नोंदी. 'मालती, ताप. तोंडी सांगितले. मान्य.' आणि खाली, 'शांता, ताप. तोंडी सांगितले. लेखी आणावे.'"

अक्षर माझंच होतं.

"मालतीच्या वडिलांना मी ओळखत होते," मी म्हटलं.

"हो. शांताच्या वडिलांना लिहिता येत नव्हतं." त्या अगदी सहज बोलल्या, वर्गात बोलतात तशा. "कारणं नंतर आली हे खरं आहे. पण कुणाचा ताप लगेच खरा वाटतो, हे तुमच्या वहीच्या आधीपासून होतं. म्हणून मी मुलींना दोन्ही बाजू लिहायला सांगते."

मी वही मिटली. टाचण्या गोळा केल्या.

रविवारी सकाळी मोठ्या बाईंनी घरी बोलावलं. चहा झाला. मी रिपोर्ट वाचून दाखवला. त्यांचा चेहरा उतरला.

"राजूरकर बाई, हे असं कमिटीपुढे ठेवायचं? सेक्रेटरींची जिनिंग, पालकांच्या चिठ्ठ्या, तुमची सही. सगळेच अडकतात. त्यापेक्षा जुन्या वह्या मिळाल्या नाहीत म्हणा."

"आणि तायडे बाई?"

"त्या तरुण आहेत. कुठंही नोकरी मिळेल त्यांना. कागदाला वाळवी लागते हो. तुमच्या कपाटात लागली असेल."

आता खरं सांगते. तोपर्यंत माझं मन डळमळत होतं. सतरा वर्षांची नोकरी, कुठं शेरा नाही, आणि सोमवारी भर कमिटीत स्वतःच स्वतःची चूक वाचायची. मला रात्रभर सवडही होती मागे फिरायला. पण वाळवी? माझ्या कपाटात? मी दर सहा महिन्यांनी सगळी कपाटं रिकामी करून कडुनिंबाचा पाला घालते.

"माझ्या कपाटात वाळवी नाही," मी म्हटलं आणि उठले. रिपोर्ट ठेवायचं ठरलं ते त्या क्षणी. याहून उदात्त कारण असतं तर मी ते लिहिलं असतं.

सोमवार. कमिटीचे सभासद पाच, पण बोलायचे दोघंच. सेक्रेटरी भाऊसाहेब, जिनिंगचे मालक. पांढरं धोतर, आवाज आवारभर. आणि तक्रार करणारे वकीलसाहेब, जे स्वतः कमिटीवर होते. मिनिट्स, म्हणजे मीटिंगची टिपणं, नेहमीप्रमाणे मी लिहीत होते. चौथा विषय आला.

तायडे बाईंना आत बोलावलं. भाऊसाहेब त्यांच्याकडे वळले. "मले पयले हे सांग पोरी, अकोल्यात अमेरिका कावून आली?"

"पुस्तकात आहे, भाऊसाहेब. आणि आपल्याशी संबंधही आहे. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत गुलामगिरीवरून युद्ध झालं. तिथला कापूस इंग्लंडला जाईना. म्हणून वऱ्हाडातल्या कापसाला मागणी आली."

भाऊसाहेब खूश झाले. "बराबर. आमच्या पणज्याचा धंदा त्याच्यातच उभा राह्यला. घरी सांगत जाय मोठे लोक. पन तो कापूस वेचे कोन तिकडं?"

"गुलाम."

"हं," भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी पानाचा डबा जवळ ओढला.

वकीलसाहेब खाकरले. "आपण विषयावर येऊ. वर्गात झाडूची चर्चा झाली की नाही?"

"झाली," मी म्हटलं. "आणि तिचं उत्तर माझ्याकडे आहे."

मी उभी राहून वाचलं. पहिली वही, दुसरी वही, पेन्सिल, जून महिना, शाई. मग चिठ्ठ्या. मग कारणं, प्रत्येकाच्या वर्षासकट. फुप्फुसाचं कारण वाचताना वैद्य सर, जे शिक्षकांचे प्रतिनिधी म्हणून बसले होते, खिडकीबाहेर पाहू लागले. जिनिंग चालू होती. खिडकीतून रुई आली आणि त्यांना शिंक आली. मग दुसरी आली.

"वैद्य सर शहरातले का खेड्यातले?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"मूर्तिजापूर," वैद्य सर रुमालातून म्हणाले.

"मंग फुप्फुसाचं काही खरं दिसत नाही."

वाचन संपलं. भाऊसाहेबांनी बोटांवर हिशेब लावला. "म्हंजे सुरवात झाली माह्या रुईपासून. पुढं वाढवलं या बाईच्या वहीनं. आन् पक्कं केलं बापांच्या चिठ्ठ्यायनं. तायडे बाईनं काय केलं?"

"प्रश्न विचारू दिला," मी म्हटलं.

"थे तं मास्तरीनबाईचं कामच हाय. मंग हिची नोकरी कावून घ्याची?" ते वकीलसाहेबांकडे वळले. "तुमची बी चिठ्ठी असंन यात."

"माझी मुलगी हॉस्टेलवर नाही," वकीलसाहेब म्हणाले. "तिला कधी पाळीच नव्हती."

"म्हंजे तुमाले चिठ्ठी लिवायचीही तसदी पडली नाही."

वकीलसाहेब हजरजबाबी म्हणून कोर्टात प्रसिद्ध होते. त्या दिवशी त्यांनी पाणी मागितलं. पण माणूस नियमाचा होता. पाणी पिऊन म्हणाले, "पुरावा लेखी आहे, तारखेचा आहे, आणि साक्षीदार स्वतःविरुद्ध बोलते आहे. माझी हरकत मी मागे घेतो."

ठराव झाला. कु. तायडे यांना कायम करण्यात यावे. सफाईची पाळी सर्व वर्गांतील सर्व मुलींना हजेरीच्या क्रमाने द्यावी. सुपरवायझर यांना निष्काळजीपणाबद्दल समज देण्यात यावी.

ते तिसरं वाक्य मिनिट्समध्ये मलाच लिहावं लागलं. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं. माझ्या नोकरीतली ती एकमेव समज. निदान तिची नोंद तरी स्वच्छ आहे.

तायडे बाईंनी बाहेर व्हरांड्यात माझे आभार मानले नाहीत. त्यांनी विचारलं, "नवी यादी उद्यापासून की पहिल्या तारखेपासून?" मला ते आवडलं. मी म्हटलं, "उद्यापासून."

नवी यादी करायला मला दहा मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी बोर्डावर लावली. तिसऱ्या दिवसापासून चिठ्ठ्या सुरू झाल्या. गुडघे, पूजा, सर्दी, क्लास, आत्याचं लग्न. दोन नव्या चिठ्ठ्यांत फुप्फुसं होती, म्हणजे वैद्य सरांचा सिद्धांत घरोघरी पोचला होता. सात दिवसांत एक्केचाळीस चिठ्ठ्या आल्या. मी त्या तायडे बाईंपुढे ठेवल्या.

"आता काय करायचं? सगळ्या नामंजूर केल्या तर खरी आजारी मुलगीही झाडणार."

"आजारी मुलीला तोंडी सांगू दे. प्रत्येकीला," त्या म्हणाल्या. "आणि बाकीच्यांसाठी चिठ्ठी मान्य करा. फक्त मुलीऐवजी ज्याची सही आहे त्यानं येऊन झाडावं."

मी तसं सर्क्युलर काढलं. मोठ्या बाईंनी त्यावर सही करताना डोळे मिटले होते. दुसऱ्या दिवशी एक्केचाळीसपैकी सदतीस चिठ्ठ्या परत नेण्यात आल्या. आत्याचं लग्न मोडलं. उरलेल्या चारांत एक चिठ्ठी वकीलसाहेबांची होती. त्यांच्या मुलीचा हात खरोखरच मुरगळलेला होता. तिनं तोंडी सांगितलं असतं तर चाललं असतं. पण वकीलसाहेबांनी चिठ्ठी दिली होती, सर्क्युलर वाचलं होतं आणि कोर्ट साडेअकराला होतं. ते सकाळी दहाला काळ्या कोटात आले.

"कुठला वर्ग?" त्यांनी विचारलं.

"नववी ब."

कुसुम दारात उभी राहून पाहत होती. त्यांनी झाडू उलट्या दिशेनं चालवला. सगळी रुई कोटावर बसली. सखूबाईला राहवलं नाही. "वकीलसायेब, असा नाही. खाली वाका. तुमी तं हवा घालून राह्यले झाडूले."

"सवय नाही," वकीलसाहेब म्हणाले.

"थे कोनालेच नसते," कुसुम म्हणाली. "होते दोन दिवसानं."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि वाकले. वर्ग झाला बरा. दुसऱ्या दिवशीही ते आले, कारण मुलीला दोन दिवसांची पाळी होती.

महिन्याभरात शहरातल्या मुलींचे हात बसले. फुप्फुसं शाबूत राहिली. वैद्य सरांनी मात्र सिद्धांत सोडला नाही. आता ते म्हणतात, आमच्या शाळेच्या मुली अपवाद आहेत.

यातून मी शिकले ते असं. तात्पुरती यादी केली की ती कोणत्या तारखेला संपते ते तिच्यावरच लिहावं. मी आता लिहिते. यादी रद्द करायला एक ठराव पुरतो. तिच्यामुळे निघालेली कारणं कुठल्या वहीत नसतात, म्हणून ती रद्द करता येत नाहीत. परवाच स्टाफरूममध्ये एक नव्या बाई, ज्यांनी ती पाळी पाहिलेलीसुद्धा नाही, म्हणाल्या, "हॉस्टेलच्या मुली कामाला चांगल्या असतात." मी विचारलं, हे तुम्ही कुठं ऐकलं? त्यांना सांगता आलं नाही.

आणखी एक गोष्ट आहे. ती त्या रिपोर्टात नव्हती, कारण मला ती पुढच्या एप्रिलमध्ये सापडली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'विशेष शेरा' असा एक रकाना असतो. तो सुपरवायझर भरते. कुसुमच्या दोन वर्षं पुढच्या मुलींचे दाखले लिहिताना मी जुनी स्थळप्रत, म्हणजे ऑफिसात राहणारी नक्कल, उघडली आणि आपलंच अक्षर वाचत गेले. शहरातल्या मुलींपुढे: 'अभ्यासू. वर्तणूक उत्तम.' हॉस्टेलच्या त्या मुलींपुढे, ओळीनं: 'कामसू. स्वच्छतेची आवड.' त्यांतली एक वर्गात पहिली आलेली होती. तीही कामसू. ते मला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी चिठ्ठीही दिली नव्हती. रोज सकाळी दहाला ज्यांच्या हातात मी झाडू दिला, त्यांना झाडूची आवड आहे असं मला खरोखर वाटू लागलं होतं.

दाखला एकदा दिला की बदलता येत नाही. मी अमरावतीच्या शिक्षण खात्याला तीन पत्रं लिहिली आणि दुरुस्त दाखले देण्याची परवानगी मिळवली. अशा मुली चौदा निघाल्या. प्रत्येकीचे मार्क काढले, शिक्षकांना विचारलं, शेरे नव्यानं लिहिले. अकरा जणींचे पत्ते मिळाले. एक नर्सिंगला, दोघी ट्रेनिंग कॉलेजात, बाकीच्या लग्न होऊन गेलेल्या. त्यांना रजिस्टर पोस्टानं पाठवले. एकीनं जुना दाखला परत केला आणि सोबत एका ओळीत लिहिलं की नोकरीच्या मुलाखतीत साहेबांनी तो वाचून तिला विचारलं होतं, ऑफिस झाडायला येशील का.

उरलेल्या तिघींपैकी एकीचं कुटुंब तेल्हाऱ्याहून उठून कामासाठी कुठं गेलं ते गावात कुणाला माहीत नाही. दुसरीचं सासर दर्यापूरकडे आहे एवढंच समजलं. तिसरीला जुन्या पत्त्यावर लिहिलेली पत्रं दोनदा परत आली. आज चार वर्षं झाली. तिघींचे दाखले सही-शिक्का करून माझ्या खणात आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत दर्यापूरच्या बसनं जाऊन गावोगाव विचारायचं, असं कामांच्या यादीत लिहिलं आहे. ते झालेलं नाही.